लाकडी पाळण्यासाठी अर्ज

आमच्या गावच्या जत्रेतला लाकडी पाळणा बंद झाला, त्याचा राग मला अजून आहे. लोक म्हणतात, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, जत्रेतला पाळणा तो, आज हा आला उद्या दुसरा येईल. असं म्हणणारा माणूस त्या पाळण्यात कधी बसलेला नसतो, हे मी पैजेवर सांगते. मला पंचांचा राग आहे, आमच्याच गल्लीतल्या शहाण्यांचा आहे, आईचाही आहे. आणि स्वतःचा तर इतका आहे की तो कुणाला सांगायचीही सोय नाही. आता सांगते.

गाव आमचं निपाणीपासून चिकोडीच्या वाटेवर. चैत्रात देवीची जत्रा भरायची, पाच दिवस. देवळाच्या समोरच्या माळावर दुकानं, बांगड्यावाले, भेंड-बत्ताशांचे ढीग, आणि सगळ्यांच्या पलीकडं तो पाळणा. दोन जाडजूड खांब, मध्ये आस, आसाला जोडलेल्या लांब लाकडी आऱ्या आणि आऱ्यांच्या टोकांना चार खोकी. एका खोक्यात चार बायका दाटीवाटीनं बसायच्या. मोटार नाही, इंजिन नाही. पाळणेवाला आणि त्याचा भाऊ, दोघं अंगाच्या ताकदीवर तो फिरवायचे. भाऊ खालून आरी ओढायचा आणि पाळणेवाला वर चढून दुसऱ्या आरीला लोंबकळत, स्वतःच्या वजनानं तिला खाली आणायचा. पन्नाशीचा माणूस, पण चढायचा असा की बघणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावेत. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं. त्याचं खरं नाव कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

खरी गंमत फिरण्यात नव्हतीच. खालच्या खोक्यातली माणसं उतरायची, नवी चढायची, तेवढा वेळ वरचं खोकं आभाळात टांगलेलं असायचं. आणि आमच्या बायकांनी त्यात एक रीत पाडली होती. आपलं खोकं वर आलं की ओरडायचं, "मामा, धर!" की मामा आरीखाली खांदा लावून पाळणा तसाच धरून ठेवायचा. वरची बाई "सोड" म्हणेपर्यंत तो सोडायचा नाही. खालचे ओरडायचे, शिव्या द्यायचे, मामा आपला घामाघूम होऊन हसत उभा. कुणी फार वेळ लावला तर म्हणायचा, "वैनी, वर बिऱ्हाड केलंसा काय?"

सगळ्यात जास्त वेळ लावणारी बाई म्हणजे माझी आई.

आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. दिवसभर चाळण मारायची. तंबाखूचा खकाणा डोळ्यात, नाकात, लुगड्याच्या घडीत. घरी आल्यावर जेवायच्या वेळेपर्यंत नुसती शिंकायची आणि खोकायची, आणि मी लहानपणी तिच्या कुशीत शिरले की मलाही शिंका यायच्या. वर्षातून एकदा ती त्या खोक्यात बसून वर जायची. मी एकदा विचारलं, "एवढं काय बघतेस गं वर?"

"बगतोय कुठं? श्वास घेतोय," ती म्हणाली. "वर खकाणा न्हाय."

आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच म्हणतात. कॉलेजात जाऊन मी 'जाते, येते' शिकले. आई शेवटपर्यंत जातो-येतोवरच राहिली.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. माझ्या जन्माच्या आधीच आमच्या घरातले देव नदीत सोडले होते. जत्रेत आमच्या लोकांच्या वाट्याला असलेली हलगी, वेठीची कामं, दारापुढं उभं राहून मागणं, ते सगळं आमच्या वाडवडलांनी एका दिवसात टाकून दिलं. जत्रेचं तोंड बघायचं नाही असं गल्लीनं ठरवलं आणि ते पाळलंही. आईनंही पाळलं. अंगारा नाही, नैवेद्य नाही, देवळाच्या पायरीला हात लावणं नाही. फक्त पाळणा तिला सुटला नाही. ती घरातून निघायची, देवळापुढचा सरळ रस्ता सोडून मागच्या शेतातून वळसा घालून माळावर यायची, पाळण्यात बसायची आणि त्याच वाटेनं परत.

गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातले एक प्राथमिक शाळेचे मास्तर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. विहाराचं सगळं तेच बघायचे आणि संध्याकाळी प्रौढ बायकांना अक्षरं शिकवायचे. ते दरवर्षी जत्रा झाली की आईला टोकायचे.

"जत्रेत दिसलीस म्हणं."

"दिसलो असंन की."

"हे बरं न्हवं. आपण कशासाठी सोडलं सगळं?"

"पाळण्यात देव न्हाय बसत अण्णा, मी बसतो."

अण्णा ओठ घट्ट मिटून हसू दाबायचे आणि पुढच्या वर्षी परत तेच.

पाळणा बंद होणार ही बातमी पहिल्यांदा वखारीत फुटली. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी निपाणीच्या कॉलेजात बी.ए.ला होते आणि दुपारी वखारीच्या दारात आईजवळ डबा खायला जायचे. आईच्या शेजारच्या चाळणीवर मराठा गल्लीतली एक विधवा बाई असायची. आई तिला आक्का म्हणायची, म्हणून मीही. दोघींची वीस वर्षांची जोडी. आक्का त्या दिवशी डबा न उघडताच बसली आणि म्हणाली, "पाळणा ग्येला."

"कुठं ग्येला?"

"बंद! पंचांनी ठरवलंय. कोल्हापूरकडनं लोखंडी येणार हाय. इंजिनावरचा. दिवं लावलेला."

मग जे काही सुरू झालं! एक म्हणाली, मी यंदा देवीला नवसाची साडी देत नाही, बसू दे उघडी. दुसरी म्हणाली, पुरणपोळीचा निवद बंद. तिसरी म्हणाली, आगं पण देवीनं काय केलंय, ठरवलंय पंचांनी, देवीला कशाला उपाशी ठेवतीस? त्यावरून दोघींची अशी जुंपली की मुकादम बाहेर येऊन बघून गेला. एक नवी सून हळूच म्हणाली, "दिव्याचा बरा की, रातीचं बी बसता येतंय." तिच्याकडं सगळ्यांनी अशा नजरेनं बघितलं की बिचारीनं भाकरीत तोंड खुपसलं.

आई आपली भाकरी खात बसली होती. इतरांकडं थांबवायला साडी होती, निवद होता, नारळ होता. आई गेली पंचवीस वर्षं सगळंच थांबवून बसली होती. तिच्याकडं धमकी द्यायलाही काही उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी सात-आठ बायका पंचकमिटीच्या अध्यक्षाच्या घरी गेल्या. मला बरोबर घेतलं, कारण मी शिकलेली. अध्यक्षाला सगळे आप्पा म्हणत. मोठा बागाईतदार, आवाज मऊ, पण शब्द एकदा दिला की दगडावरची रेघ. तो कट्ट्यावर पान जुळवत बसला होता.

"जुना झालाय त्यो पाळणा," आप्पा म्हणाला. "गेल्या साली आस अडकला. बायका वर अडकून पडल्या. मोडून पडला तर जबाबदार कोण?"

"आमी काय तक्रार केली व्हय?" आक्का म्हणाली. खरं तर त्या अडकलेल्या बायकांत आईच होती आणि तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा अर्धा तास होता. "चावडीचा वासा मोडलाय दोन वर्सं, ती बंद केलीसा काय आप्पा?"

बायका खिदळल्या. आप्पाच्या नाकाला मिरची झोंबली. पण आक्का पडली भावकीतली, तिला बोलता येईना. मग त्याची नजर आईवर गेली.

"आणि तुजं काय गं हितं? तुजी हाय काय ही जत्रा?"

 आई पदर सारखा करत उभी राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण शब्द एक सुचेना. एरवी कॉलेजात वादविवादाला मी उभी राहत असे, बक्षीस आणत असे. आणि इथं तोंडाला कुलूप.

आप्पा जरा नरमला. "मी वंगाळ अर्थानं न्हाय बोललो. पण जत्रेचं भक्तांनी बोलावं. अर्ज द्या लिहून. पंचांच्या बैठकीत वाचू, मग बघू."

परत येताना आई म्हणाली, "बरूबर बोलला की त्यो."

"काय बरोबर बोलला? गावात तू राहत नाहीस? माळ काय त्याच्या बापाचा आहे?"

"आवाज कमी कर," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी अण्णा आले. त्यांच्या कानावर गेलं होतं. "बरं झालं, सुटलीस एकदाची," ते आईला म्हणाले. मी एवढी पेटलेली होते की त्यांच्यावरच धावले. म्हटलं, अण्णा, तुम्हाला बायकांनी हसलेलं बघवत नाही का? देव गेले, उपास गेले, ते चांगलंच झालं, पण त्यांच्या जागी वर्षातून एकदा काहीतरी मजेचं ठेवलंत का तुम्ही? अण्णा रागावले नाहीत. ते म्हणाले, "अर्जच करायचा तर गावपंचायतीकडं कर. गावातली बाई म्हणून कर. देवळाच्या पंचांकडं हात पसरू नकोस."

चांगला सल्ला होता. मी तो उडवून लावला. माळ देवस्थानाचा, पंचायत काय करणार, असं म्हणाले. माळ खरंच कुणाचा होता ते मला आजतागायत माहीत नाही. त्या दिवशी अण्णा जे म्हणतील त्याच्या उलट करायचं एवढंच डोक्यात होतं.

अर्ज लिहायला आमच्या उंबऱ्यावर सगळ्या जमल्या. एकेकीचं चालू. "लिव, लोखंडी पाळण्यात आमास्नी गरगरतंय." "आगं तू बसलीस कवा त्यात?" "बसलो न्हाय, पर गरगरणारच की." "लिव, मामानं या वयात कुठं जावं?" "लिव, इंजिनाला धर म्हटलं तर धरतंय व्हय?" हे शेवटचं आई म्हणाली. तेवढं एकच वाक्य. मला आता वाटतं, तेवढंच लिहून दिलं असतं तरी पुरे होतं.

पण मी बी.ए. मी विषय लिहिला: लाकडी पाळण्यास जागा मिळणेबाबत. खाली, 'आम्ही खाली सही करणाऱ्या गावातील महिला' अशी सुरुवात केली. बायका गेल्या. मी एकटीच तो कागद वाचत बसले आणि आप्पाचं बोलणं आठवलं, जत्रेचं भक्तांनी बोलावं. मी कागद फाडला. नवा घेतला. 'आम्ही खाली सही करणाऱ्या देवीच्या भक्त महिला.' बाकी सगळं तेच. एक शब्द तर आहे, म्हटलं. अर्जाच्या शेवटी 'आपली नम्र' लिहितो, तेव्हा कोण नम्र असतं? कागदाची भाषा कागदापुरती. मला तर आपण फार हुशारी केली असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वखारीत डबा खायच्या सुट्टीत मी सह्या घेतल्या. बाकीच्यांचे अंगठे. आई मात्र अण्णांच्या वर्गात सही शिकलेली, त्यामुळं सगळ्यांनी तिला पुढं केलं. "तू पैली. तुजी सही हाय." तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले. जीभ दातात धरून, एकेक अक्षर बसवत तिनं सही केली आणि मग मान वर करून विचारलं, "काय लिवलंयस?"

"पाळणा पाहिजे, असं."

"बास?"

"बास," मी म्हणाले.

बैठक देवळाच्या पुढच्या पटांगणात होती. पंच वरच्या पायऱ्यांवर, गाव खाली. आमच्या बायका एका बाजूला घोळका करून उभ्या होत्या. आई त्या पटांगणात माझ्या आठवणीत पहिल्यांदाच उभी होती, सगळ्यात मागं. मला वाटलं होतं आप्पा अर्ज मनातल्या मनात वाचेल, मान डोलवेल आणि हो किंवा नाही म्हणेल. त्यानं चष्मा लावला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आम्ही खाली सही करणाऱ्या देवीच्या भक्त महिला..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. त्यानं अर्ज संपवला, सह्या बघितल्या आणि थांबला. मग आईचं नाव घेऊन तिला पुढं बोलावलं. बायकांनी वाट करून दिली.

आप्पाच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. त्याला खरोखर आनंद झाला होता. म्हातारा माणूस, त्याच्या मनात काय आलं असेल कोण जाणे, पण त्याचे डोळे भरले होते. "आलीस?" तो म्हणाला. "लई बरं वाटलं. काय बी म्हण, आय ती आयच. ये, वर ये. तुज्या हातानं नारळ फोड. मामाला मागच्या अंगाला जागा देऊ. दोन्ही पाळणे फिरू देत यंदा."

जिंकलो! माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, खोटं कशाला बोलू. बायकांच्यात कुजबुज वाढली. आक्कानं आईला कोपरानं ढोसलं. "जा की गं. एक नारळ तर हाय."

आई म्हणाली, "कागूद बघू."

आप्पानं कागद खाली दिला. आई उभ्या उभ्या वाचू लागली. जोडाक्षरं तिला जड जायची. बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द. एवढं सगळं गाव थांबलं होतं. कुणीतरी खाकरलं. एक पंच म्हणाला, "वाचलाय की त्येनी, आता परत काय?" आई वाचतच होती. बोट पहिल्या ओळीच्या शेवटाला गेलं आणि तिथं थांबलं. तिनं आप्पाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"पेन दे," ती म्हणाली.

मी दिलं. काय करणार होते? तिनं गुडघ्यावर कागद धरून आपल्या सहीवर एक रेघ मारली. सही करायला लागला होता तेवढाच वेळ त्या रेघेलाही लागला. मग कागद परत वर दिला.

"सही माजी हुती आप्पा. पर हे माजं न्हाय. या बाकीच्या भक्त हायत्या, त्यांचं ऐका. त्यांना त्यांचा पाळणा द्या."

आप्पाचा चेहरा असा उतरला की मला क्षणभर त्याचीच दया आली. मग तो लाल झाला. देवीच्या दारात येऊन देवीलाच नाही म्हणायचं, वर आम्हाला शिकवायचं, असं बरंच काहीबाही बोलला. खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही, असं एक पंच म्हणाला आणि सगळ्यांना ते पटलं. कागद घडी होऊन कुणाच्या तरी टोपीत गेला. लोखंडी पाळण्याचं ठरलं.

बाहेर आल्यावर आक्का वाटेतच थांबली. "एक नारळ गं!" ती ओरडली. "एक नारळ फोडला असतास तर काय जीव जात हुता तुजा? आमचं बी घालवलंस!" आई चालत राहिली. दुसऱ्या दिवशी आक्कानं वखारीत आपली चाळण उचलून पलीकडच्या ओळीत नेली. वीस वर्षांची जोडी. बाकीच्या बायका आईशी बोलायच्या, पण कामापुरतं. नवी सून तेवढी खूश होती.

आमच्या गल्लीत उलटंच. अण्णा धावत आले. त्यांचा आनंद पोटात मावेना. पुढच्या रविवारी विहारात हे सगळ्यांना सांगू, पोरींना असा बाणा कळला पाहिजे, असं काय काय बोलायला लागले. आई चूल फुंकत होती.

"अण्णा, तुमी आता जावा," ती म्हणाली. "माजा पाळणा ग्येलाय."

अण्णा दारात चप्पल शोधत कितीतरी वेळ उभे होते.

जत्रेच्या आदल्या दिवशी मामा नेहमीसारखा बैलगाडीत खांब घालून आला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. माळावर लोखंडी सांगाडा उभा बघून त्यानं गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चिंचेखाली सोडली. आई पाण्याची कळशी घेऊन गेली, मी पाठोपाठ. मामा पाणी प्यायला आणि म्हणाला, "पुढल्या साली बघतील की वैनी." आईनं त्याला काही सांगितलं नाही. सांगून तरी काय सांगणार? पुढच्या साली तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

पाच दिवस इंजिन धडधडत होतं. लोखंडी पाळण्याला रांगा लागल्या. जुन्या पाळण्यासाठी देवीला उपाशी ठेवायला निघालेल्या बायका नटूनथटून रांगेत उभ्या होत्या, निवद दाखवून आलेल्या. मी तिथं जाऊन बघून आले आणि घरी येऊन आईवर तुटून पडले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. एका शब्दासाठी घालवलंस, म्हणाले. देव नाहीच म्हणतेस ना, मग नसलेल्या देवापुढं नारळ फोडला काय नि दगडावर फोडला काय? उलट आपण त्यांना फसवलं असतं! मामाचं पोट राहिलं असतं, आक्का राहिली असती, तुझं ते वर जाणं राहिलं असतं. तुझ्या हट्टापायी सगळं गेलं.

आई तांदूळ निवडत होती. मी दमेपर्यंत तिनं ऐकून घेतलं.

"तुला वाटतंय मी नारळासाठी सही खोडली?"

"मग कशासाठी?"

"तू मला इचारलं असतंस," ती म्हणाली, "तर कदाचित मी हो बी म्हटलं असतं. पाळण्यासाठी म्हटलं असतं. लिव म्हटलं असतं, भक्त तर भक्त. नारळ बी फोडला असता. मला काय पाळणा नको हुता? पर तू इचारलंच न्हाईस. आपाप लिवून मोकळी झालीस. आप्पा निदान तोंडावर बोलला."

मी म्हणाले, मी तुझ्याचसाठी केलं. ती म्हणाली, "व्हय." आणि तांदूळ पाखडायला लागली.

ती खरंच हो म्हणाली असती का? मी हे इतक्या वेळा मनात घोळवलंय की आता त्याचा वीट आला. असती तर पाळणा माझ्यामुळं गेला. नसती तर तो जाणारच होता, पण मी आधी विचारलं असतं तर निदान आक्का तरी राहिली असती. कसंही मांडलं तरी दोष माझ्याच दारात येतो, आणि तिचा राग यायचा तो येतोच. तिनं त्या पटांगणात मान हलवून निभावून न्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पोरीची लाज म्हणून तरी.

पुढं मला बेळगावात नोकरी लागली. तिथल्याच एका सहकाऱ्याशी लग्न ठरलं, आमच्यातलाच, पिरनवाडीकडचा मुलगा. विहारात लग्न झालं आणि मग नोंदणीला आम्ही कचेरीत गेलो. साक्षीदार म्हणून आई सही करणार होती. नवं लुगडं नेसून आली होती. कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला, कानडीत छापलेला. आईला मराठी अक्षरं येत होती, कानडी नाही. मी पटकन म्हणाले, "इथं कर सही, आई. लग्न झालं एवढंच लिहिलंय. बाकी काही नाही."

कारकून घाईत होता. मागं दोन जोडपी उभी होती. आईनं पेन हातात घेतलं, फॉर्मकडं बघितलं, आणि तो उचलून माझ्या नवऱ्यापुढं धरला.

"पावनं," ती म्हणाली, "तुमी वाचून दावा."

त्यानं हसत हसत अख्खा फॉर्म वाचला, एकेक ओळ मराठीत करून सांगितली. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाई हौशी आहेत असं वाटलं असेल त्याला. आईनं सगळं ऐकून घेतलं, शेवटची ओळ परत एकदा विचारली आणि मग, जीभ दातात धरून, सही केली. मी तिच्या शेजारीच उभी होते, हार घातलेली. कारकुनानं मला विचारलं, मुलगी तुम्हीच ना? मी हो म्हणाले.